न फुटलेल्या ठोकळ्यास नापास केल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
नमुना तपासणी समिती, शालेय विज्ञान प्रदर्शन,
सिल्वासा

विषय : भाजलेली माती मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा दमणच्या प्रदर्शनास पाठविण्याबाबत
संदर्भ : माझ्या प्रकल्पावरील आपला लाल शाईतील शेरा

महोदय,

हातोडा मारूनही ठोकळा फुटला नाही, तर नापास कोण, ठोकळा की हातोडा? हे साहेबांना विचारायची तुझी हिंमतच नाही, असे माझ्या मैत्रिणी धनश्री व श्रुती यांचे म्हणणे होते. विचारून झाले. आता सविस्तर निवेदन करते.

१. मी इयत्ता दहावीत शिकते. सुरंगी गावची माती वीटभट्टीत भाजून, बारीक दळून मी सिमेंटमध्ये मिसळली व एक ठोकळा केला. दुसरा नुसत्या सिमेंटचा. दोन्हींत लोखंडी खिळा पुरला आणि वर्षभर दोन्ही मिठाच्या पाण्यात भिजवले, वाळवले, परत भिजवले. नुसत्या सिमेंटमध्ये खारे पाणी मुरले, खिळा गंजून फुगला, तडा गेला. मातीवाला जसाच्या तसा आहे.

२. 'सिल्वासात समुद्र नाही, सबब स्थानिक उपयोग नाही' अशी हरकत समितीचे तुषार सर यांनी घेतली. प्रदर्शन दमणला आहे, तिथे समुद्र आहे, आणि दमण आपल्याच केंद्रशासित प्रदेशाच्या नावात आहे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. सर म्हणाले, "नावात असेल, फायलीत नाही."

३. त्यानंतर आतला खिळा पाहिल्याशिवाय गुण देता येत नाहीत, असा नियम निघाला. शिपाई चिंधाभाऊंच्या हाती हातोडा दिला गेला. तडा गेलेला ठोकळा पहिल्याच घावाला मोकळा झाला. शेरा : 'आतील भाग स्पष्ट दिसतो. पात्र.' मातीवाल्यावर घाव घालता घालता हातोड्याचा दांडाच गेला. चिंधाभाऊ म्हणाले, "ताई, हा काय मोडत नाही, आता मीच मोडेन." शेरा : 'नमुना तपासणीस सहकार्य करीत नाही. अपात्र.'

४. म्हणजे टिकाऊपणाच्या प्रकल्पातून जो टिकला नाही तो दमणला निघाला. जो टिकला तो आपल्या दालनाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलेला आहे. दार हलत नाही, हे आपणही पाहत असालच. हा त्याचा स्थानिक उपयोग समजावा.

५. माझे बाबा आपल्याच कार्यालयात लिपिक आहेत. ते म्हणतात, "नाव लागलंय ना, मग फुटका तर फुटका, ने की. साहेबांशी वाद कशाला?" परंतु दमणला लोक विचारतील की यात मातीवाला कुठे आहे, तेव्हा मी काय दाखवू?

तरी मातीवाला ठोकळा फरशी कापायच्या मशीनवर कापून खिळा पाहावा, ही विनंती. टोकरखाड्यातले फरशीवाले काका तयार आहेत. कापणे हे फोडणेच धरण्यात यावे.

आपली, अजूनही नम्र,
कावेरी गजानन पेडणेकर
दि. १२ डिसेंबर २०२४

सोबत : (१) पात्र ठोकळ्याचे तुकडे, पिशवीसह (२) हातोड्याचा दांडा, दोन भागांत

प्रत माहितीसाठी : आई व बाबा (तोंडी सांगितले की विषय बदलतात, म्हणून लेखी)
बाबा, फुटका ठोकळा घेऊन मी दमणला जाणार नाही. मातीवाला आला तरच जाईन, नाहीतर निवड रद्द झाली तरी चालेल. आई, तुषार सरांना मी आज सांगून आले आहे की दमणच्या गाडीत माझी जागा धरू नका.