बेटावरची म्हातारी

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: सिद्धोधन सूर्यभान खिल्लारे, वय ४८ वर्षे, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, राहणार ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी.

माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण चांगले आहे. कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून काही वदवून घेतलेले नाही. फक्त मला दिसत नाही. म्हणून हे मृत्युपत्र मी तोंडाने सांगतो आहे आणि तहसीलमधून निवृत्त झालेले माझे स्नेही बन्सीधरराव ते लिहून घेत आहेत. मी सांगेन तसेच लिहायचे, भाषा सुधारायची नाही, असा आमचा करार आहे. पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. ते तसे म्हणाले म्हणूनच हा कागद करतो आहे.

कलम १. ताडकळस येथील दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची मोकळी जागा व वरचा स्लॅब असे राहते घर मी माझ्या पगारातून बांधले आहे. त्यात वडिलांचा वा भावाचा पैसा नाही. हे घर माझ्या पश्चात संपूर्णपणे माझी पत्नी सुकेशनी हिच्या मालकीचे राहील. आम्हाला मूलबाळ नाही. माझे धाकटे बंधू धम्मानंद यांनी "एकटी बाई एवढ्या घरात काय करणार" असे दोन ठिकाणी म्हटल्याचे माझ्या कानावर आले आहे. माझे कान चांगले आहेत. तर उत्तर असे, की ती तिथे राहणार.

कलम २. बँकेतील ठेव, भविष्य निर्वाह निधी व नोकरीपोटी जे काही येणे निघेल ते सुकेशनीचे. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

कलम ३. वडिलोपार्जित शेतातील माझा दीड एकराचा हिस्सा मी धम्मानंद यास देतो. तो कष्टाळू आहे आणि जमीन कसतोही तोच. परंतु एक गोष्ट नोंदवून ठेवतो. २०१९ साली घराला रंग देताना, मी शाळेत असताना, त्याने माझा जुना कम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला. "आंधळ्याला कम्प्युटर कशाला लागतोय," असे तो सुकेशनीला म्हणाला. माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या शेवटच्या जागा मी त्यात साठवून ठेवल्या होत्या. मी त्या पुन्हा पाहू शकलो नसतो, हे खरे. तरीही त्या घरात होत्या, आणि मग नव्हत्या. मी माफ केले असे इथे लिहिले तर ते खोटे होईल. जमीन मात्र देतो.

कलम ४. नेत्रदान. लोक हसतील, पण माझा दोष डोळ्याच्या मागच्या पडद्यात आहे. पुढची काच निकोप आहे आणि ती दुसऱ्याला बसू शकते, असे डॉक्टरांना विचारून घेतले आहे. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. रडणे त्यानंतर करावे. त्रिसरण-पंचशील म्हणावे, पुण्यानुमोदनाला साधे जेवण असावे, भाषणे नकोत.

कलम ५. माझा सध्याचा कम्प्युटर, दोन हेडफोन, खेळायचा रिमोट आणि आतले सर्व खेळ.

बन्सीधरराव इथे पेन थांबवून म्हणाले, "सर, खेळन्याचं कलम कशाला? रजिस्ट्री हापिसात हसतील."

लिहा, म्हटले. माझ्याकडे सोने नाही. मौल्यवान जे आहे ते हेच, आणि याबद्दल नीट सांगितल्याशिवाय ते कुणाला द्यायचे हे ठरणार नाही.

मी पंधरा वर्षे खेळतो आहे. मारामारीचे खेळ माझे नव्हेत. मला आवडतात ते चालण्याचे: एखादे धुक्यातले रान, बर्फातली ओसाड चौकी, समुद्रकाठचे गाव, तिथे जायचे आणि असायचे. याबाबत माझी काही मते आहेत. ज्या खेळात कोपऱ्यात नकाशा असतो तिथे माणूस नकाशा बघतो, डोंगर बघत नाही. आता इकडे वळा, आता तिकडे जा असे बाण दाखवतो तो खेळ नव्हे, हेडमास्तर आहे. पावलांचा आवाज वाळूत वेगळा, फळीवर वेगळा, ओल्या गवतात वेगळा आला पाहिजे. जो सगळीकडे एकच आवाज वापरतो त्याने बाकीच्या कामातही लबाडी केलेली असते. सतत संगीत वाजवणाऱ्याचा स्वतःच्या वाऱ्यावर विश्वास नसतो. आणि आपण खेळ बंद करून जेवायला बसलो तरी तिकडे तो वारा वाहतच असेल, असे वाटायला लावतो तो खेळ खरा.

मी काळ्या मातीतला माणूस. तूर, कापूस, सोयाबीन आणि एप्रिलपासून पेटलेले ऊन. समुद्र मी पहिल्यांदा त्या पडद्यावरच पाहिला. खरा पाहायचा राहिला तो राहिलाच. जिथे कधी गेलो नाही तिथली आठवण येऊन माणूस भर वर्गात गप्प होतो. पंचवीस वर्षे मराठी शिकवूनही याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

माझा आजार मला खेळानेच दाखवला. २०१२ साली एका अंधाऱ्या गुहेच्या खेळात मला काहीच दिसेना. स्क्रीन खराब निघाली म्हणून ती खोक्यात घालून मी एस. टी.ने परभणीला दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने तोच खेळ लावला.

"सर, स्क्रीन चांगली हाय. मला तर समदं दिसायलंय. ते बघा, कंदील घेऊन मानूस उभा हाय."

"कुठे?"

"हे काय, तुमच्या म्होरंच."

मी वाकून पाहत राहिलो. दुकानदार खोके स्वतः बांधून देत म्हणाला, "सर, एकदा डोळे दाखवून घ्या." 

आधी अंधारातले गेले, मग बाजूचे गेले, मग बोगद्यातून पाहावे तसे मधले तेवढे उरले. २०१८ साली एका टेकडीवर उभे राहून मी सूर्य मावळताना पाहिला. ती टेकडीही खेळातलीच. दूरची अशी ती मी पाहिलेली शेवटची वस्तू. कायद्याने नोकरी राहिली आणि मुले तोंडी शिकत राहिली. पण खेळ बंद झाला आणि मी संध्याकाळी नुसता बसू लागलो.

सुकेशनी अंगणवाडी सेविका आहे. खेळाचा तिला तिटकारा होता. एके दिवशी शाळेतून आलो तर म्हणाली, "अवं, किती दिस असं बसायचं? नवा कम्प्युटर घ्या. मी चालवते, तुमी ऐका."

"तुला जमेल?"

"तीस लेकरं सांभाळते, एक बाहुला सांभाळता येईना व्हय?"

पहिल्या दिवशी तिने पडद्यावरच्या बाहुल्याला तासभर भिंतीवर आपटवले. मी विचारले, "काय दिसतं?"

"रान हाय."

"कसलं रान?"

"नुसतंच रान. कोनी पेरलं न्हाई."

इतके चांगले वर्णन मी आजवर कुठे ऐकले नव्हते. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला, वीज असली की, आम्ही दोघे फिरायला जाऊ लागलो. डोळे तिचे, कान माझे. तिला इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून २०२२ साली एक शब्दही नसलेला खेळ निवडला. समुद्रातले एक बेट, दीपगृह, दगडी पायऱ्यांची घरे आणि वारा. त्या बेटावर आम्ही तीन वर्षे राहिलो असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्याच आठवड्यात ती चालता चालता थांबली. "पायरीवर कोनतरी बसलंय."

"कोण?"

"म्हातारी हाय. मांडीवर सूप हाय. काईतरी निवडायलीय, डाव्या हातानं."

मग ती म्हातारी रोज दिसू लागली. कधी निवडत असे, कधी उन्हाला हात आडवा धरून वाटेकडे बघत असे. मला ती फार आवडली. तिचा खोकला नाही, बांगडी नाही, धान्याची सळसळ नाही. एवढे कान असून मला याचा संशय आला नाही. उलट मी खेळ करणाऱ्यांचे कौतुक केले, की पाहा, आवाज न देता माणूस उभा केला.

धम्मानंदची मुलगी निकिता नांदेडला इंजिनिअरिंग शिकते. तिने फोनवर माझी मते नोंदवून ती लोकांना ऐकायला मिळतील अशी सोय करून दिली होती. एकशे बारा लोक ऐकत. बेटावरच्या म्हातारीबद्दल मी वीस मिनिटे बोललो. लोकांनी लिहिले, "सर, कोणती म्हातारी?" मी त्यांना झापले. तुम्ही धावत खेळता, थांबत नाही, म्हणून तुम्हाला दिसत नाही, असे सुनावले. तीन महिने सुनावत होतो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत निकिता आली. सुकेशनी बाजारात गेली होती. मी म्हटले, "पोरी, रिमोट घे आणि ती पायरीवरची म्हातारी कशी दिसते ते नीट सांग."

बराच वेळ पावले वाजत राहिली. फळीवर, वाळूत, गवतात.

"मोठेबाबा, या खेळात माणूसच नाही. सगळं बेट रिकामं आहे."

"पुढे असेल."

"मी नेटवर पण बघितलं, मोठेबाबा. कुणीच नाही."

मला राग आला. दुसऱ्यांदा कोणी डोळे काढून घ्यावेत तसे झाले. जे जे पाहिले म्हणून मनात ठेवले होते त्यातले खरे किती, काही कळेना. निकिताला मी गप्प राहायला सांगितले. दोन दिवस सुकेशनीशी धड बोललो नाही. डोके दुखते म्हणालो. तिने कपाळाला बाम लावला आणि त्या हाताखाली पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकदम आले: डाव्या हाताने.

माझ्या सासूबाई, तानुबाई, जिंतूरच्या बाजूला राहत. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांची उजव्या हाताची बोटे गेली होती. निवडणे, भाकरी थापणे, लेकीच्या पाठीवर हात फिरवणे, सगळे डावीकडून. मे २०२० मध्ये त्या गेल्या. रस्ते बंद होते, गावाच्या वेशीवर काटे टाकले होते. फोनवर तोंड दाखवतो म्हणाले, पण रेंज आली नाही. सुकेशनी फोन हातात धरून मागच्या अंगणात उभी राहिली, आणि मग आत येऊन तिने भाकरी टाकल्या. त्यानंतर आईचे नाव तिने माझ्यासमोर काढले नाही. मला वाटले, सावरली.

मला कळले आहे, हे तिला मी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर म्हातारी उठून गेली असती. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "चल, बेटावर जाऊ." आणि पायऱ्यांपाशी आलो तेव्हा विचारले, "आहे का?"

"हाय की," ती म्हणाली. "आज केस मोकळे सोडून बसलीय."

मग वर्षभर मी रोज विचारले. आज तब्येत कशी दिसते, कोणते लुगडे आहे, आपल्याकडे बघते का. सुकेशनी सांगत गेली आणि माझ्या लक्षात आले, की आईबद्दल असे तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते.

गेल्या रविवारी आम्ही पायऱ्यांपाशी पोचलो. समुद्राचा आवाज होता. मी विचारायच्या आत ती म्हणाली, "आज कोनी न्हाई."

"कुठे गेली?"

पावले थांबलेली. वारा तेवढा चालू.

"गेली," सुकेशनी म्हणाली. तिने रिमोट माझ्या मांडीवर ठेवला आणि पदराने नाक पुसल्याचा आवाज आला. "गेली वो माय माझी." मग ती रडली. मे २०२० पासूनचे सगळे. मी हात धरून बसलो. सात-आठ मिनिटांनी ती उठली, चहा ठेवते म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून तिने विचारले, "साखर घालू का बिनसाखरेचा?" रोज विचारते तशी.

तेव्हापासून मला करमत नाही. कधीच नसलेल्या बाईची मला आठवण येते. पायऱ्यांपाशी आलो की विचारावेसे वाटते आणि मी विचारत नाही.

तर हा कम्प्युटर, हेडफोन, रिमोट व खेळ सुकेशनीचे. माझी नोंदवलेली मते निकिताकडे राहतील. तिने ती पुसू नयेत. त्या एकशे बारा लोकांना कळवावे, की त्यांचे बरोबर होते, आणि त्यांना झापले त्याबद्दल मी दिलगीर आहे. मात्र मीही खोटे बोललो नव्हतो, हेही कळवावे.

कलम ६. सुकेशनी, हे वाचून तुला राग येईल. मला ठाऊक होते हे तुला आत्ता कळते आहे. रागव.

बाकीच्यांसाठी हे कलम बंधनकारक आहे. माझ्यानंतर सुकेशनी एखाद्या संध्याकाळी म्हणाली, की पायरीवर एक माणूस बसला आहे, तर धम्मानंद, निकिता, किंवा जवळ असेल त्याने तिथे कोणी नाही असे म्हणू नये. काय करायलाय, एवढे विचारावे. ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. आणि एके दिवशी तीच म्हणाली, की तो गेला, तर तिला एकटी सोडू नये. चहा त्या दिवशी दुसऱ्याने करावा.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वाचनात कलम पाचला बन्सीधरराव उठून पाणी पिऊन आले. मजकूर मी सांगितला तसाच आहे. कागदावर पट्टी धरून, पट्टीच्या कडेने मी स्वतः सही करीत आहे.

ठिकाण: ताडकळस
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

सही: सिद्धोधन सूर्यभान खिल्लारे

लिहून घेणार: बन्सीधर गणपतराव काळदाते, निवृत्त अव्वल कारकून. मजकूर मृत्युपत्र करणारास मोठ्याने वाचून दाखवला व त्यांनी तो मान्य केला.

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार १. महारुद्र विश्वनाथ आंबोरे, सहशिक्षक, राहणार ताडकळस
साक्षीदार २. बालाजी किशनराव दुधाटे, औषध दुकानदार, राहणार ताडकळस