ग्रंथाला लागलेला हात

प्रिय धाकट्या वन्सं,

तू म्हणायचीस, ‘वन्सं म्हणालीस तर ओ देणार नाही.’ नको देऊस, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आज प्रेसमध्ये एकाच पानाची प्रुफं तीनदा तपासली, तरी चुका राहिल्याच. आठ दिवस माझं हे असं चाललंय.

घरी प्रार्थना बंद आहे. हो, आपल्या घरी! मामंजींची नजर आता पार गेली, म्हणून प्रार्थनेतला ग्रंथ हल्ली तुझा दादा वाचतो. बाकी सगळं तसंच आहे. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे भिंतीशी, आणि ग्रंथाला आमचा हात लागायचा नाही. दादाचं वाचन तुला ठाऊकच आहे, खड्ड्यांतून गाडी जावी तसं. मागच्या मंगळवारी त्याने अख्खी एक ओळ गाळली आणि माझ्या लेकीने ती मागून खणखणीत म्हणून दाखवली. बारा वर्षांची आहे, ऐकून ऐकून सगळं पाठ झालंय. सासूबाईंनी तिचा दंड धरला. मामंजींनी विचारलं, “कोण बोललं?” ती सरळ उभीच राहिली. “मी, आजोबा. मला नीट वाचता येतं. मग मी का नाही वाचायचं?”

मामंजींनी ग्रंथ मिटायला लावला आणि भिंत चाचपत आत निघून गेले. तेव्हापासून सगळे मांजराच्या पावलांनी वावरतायत. दादाचं एकच पालुपद, पोरीला माफी मागायला लाव. सासूबाई म्हणतात, “अगदी आत्यावर गेलीय,” आणि लगेच तोंड फिरवतात. पण काल भांडी विसळताना त्याच हळूच म्हणाल्या, “मलाही सगळं पाठ आहे गं. चाळीस वर्षं झाली. कुणी विचारलंच नाही.” नळ नुसता वाहत राहिला. आज सकाळी वेणी घालताना लेकीने विचारलं, “आई, तुला काय वाटतं?” मी रिबिनीशी झटत बसले.

तुझ्या वेळीही मी अशीच गप्प बसले, असं तुला वाटत असेल. नव्हते बसले. त्या दुपारी तू ग्रंथ उघडून मोठ्याने वाचलास, हे मामंजींना, तू समजत आलीस तसं, शेजारणीने नाही सांगितलं. मी सांगितलं. लग्नाला चार महिने झाले होते, या घरात मला कुणी आपलं म्हणत नव्हतं. मामंजी म्हणाले, “तू खरी लेक निघालीस.” महिन्याभरात तू घर सोडलंस, आणि ते कौतुक मी चौदा वर्षं मिरवलं. उद्या सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन सांगणार आहे, तेव्हा चुकले ते मी, आणि आता लेक वाचेल. ते काय म्हणायचं ते म्हणोत. पण त्यांच्याआधी हे तुला कळायला हवं होतं, माझ्याच तोंडून. ‘माफ कर’ लिहायला पेन उचलते आणि पुन्हा खाली ठेवते.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
वहिनी