पहिल्या मोजणीचे एकोणतीस

४ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी दवाखान्यात माझ्या हातांच्या ताकदीची मोजणी झाली. स्नायू झिजण्याच्या माझ्या आजारावरचं इंजेक्शन चालू ठेवायचं की नाही, ते या गुणांवर ठरतं, हे तुला माहीतच आहे. फिजिओथेरपीच्या बाईंनी नेहमीचा खेळ मांडला: पेला तोंडाशी नेणं, वजन घेऊन हात वर करणं, घडी घातलेला कागद फाडणं. कागदाने माझी पुरती फजिती केली. सदतीसपैकी चोवीस मिळाले. दीड वर्षापूर्वी, इंजेक्शन सुरू होण्याआधीच्या पहिल्या मोजणीत एकोणतीस होते. म्हणजे औषध असूनही पाच गुणांनी घसरले.

गंमत म्हणजे मला तसं वाटतच नाही. वर्तमानपत्राचं पान अजून माझं मी उलटते. आई कालपासून भांडी जरा जास्तच आदळते आहे.

वहिनीला नमस्कार, तुझ्या छोटीला पापा. लोभ आहेच, आळस सोडून तो पत्रातही दिसू दे.

तुझी,
चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तू घसरलेली नाहीस. ते एकोणतीसच खोटे होते, आणि ते माझे प्रताप. बाई सांगत होत्या, रोज जमतं तेवढंच करा. मी मात्र परीक्षा असल्यासारखा पंधरा दिवस तुझ्या मानगुटीवर बसलो. अंग झोकून हात वर कसा फेकायचा ते शिकवलं. आधीचे तीन दिवस तुला पेन्सिलही उचलू दिली नाही. घरी आल्यावर तू चार दिवस अंथरुणाला खिळलीस, आणि मी कॉलर ताठ करून सगळ्यांना आकडा सांगत फिरलो. पहिला नंबर काढायची आपल्या घराची खोड मेली!

आता तुला त्या आकड्याशी ताडून बघताहेत. मी डॉक्टरांना आजच सगळं खरं लिहून पाठवलं आहे. धीर धर. मला तो धरवत नाही, ही गोष्ट वेगळी.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिही.

तुझा करंटा,
दादा

२ एप्रिल

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर भला माणूस. तुझं पत्र त्यांनी इंजेक्शन मंजूर करणाऱ्या समितीपुढे ठेवलं. उत्तर आलं की पहिली नोंद डॉक्टरांच्याच सहीने झाली आहे, ती बदलता येणार नाही. या महिन्यापासून इंजेक्शन बंद. सांगताना बाईच रडू लागल्या, आईला त्यांना पाणी द्यावं लागलं.

स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. त्या दिवशी चेव मलाही चढला होता. माझ्या या शरीराला जन्मात पहिल्यांदा कुणी शाबासकी देत होतं, दादा. मला ती हवी होती.

आता मात्र खरीच घसरेन. मी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आधी हात जातील, मग गिळणं जड होईल. घरी येऊन खूप रडले. आई जवळ बसून होती. तिने उगाच समजूत घातली नाही, ते बरं वाटलं.

रजा काढून ये. छोटीला आण. तिची वेणी मला एकदा घालायची आहे. अजून जमते, थोडी सैल होते एवढंच. तिच्या शाळेला सुट्टी लागेपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
चिमणी