वोनमोबिलमधलं धूड

१० एप्रिल २००४, शनिवार. फ्रँकफर्ट

नितीन ईस्टरच्या सुट्टीला गार्चिंगहून आला. जेवणाआधीच अंगणातल्या वोनमोबिलमध्ये, आमच्या राहायच्या गाडीत, शिरला. इन्स्पेक्शनवाल्याने गाडीचं वजन जास्त भरतंय म्हणून सांगितलं, हे मीच फोनवर बोलून बसले होते. भोगा आता.

"आई, हे धूड काढ आधी."

धूड म्हणजे वॉशिंग मशीन. आमच्या पहिल्या फ्लॅटमधलं, यांनी स्वतः गाडीत बसवलेलं. पिळायला लागलं की अख्खी गाडी नाचते, खालून पाणी गळतं. मान्य.

"प्रत्येक कॅम्पिंगवर मशीन असतं. सोबत घेऊन कोण फिरतं?"

मी फिरते. डॉक्टरेट केली की आईला शिकवायचा परवाना मिळतो वाटतं.

हे टेबलाशी बसून ऐकत होते. पूर्वी मशीनला कोणी नावं ठेवली असती तर तासभर लेक्चर दिलं असतं. आज नुसते पोळीचे तुकडे करत राहिले.

११ एप्रिल

नितीनला खरं सांगितलेलं नाही. ऑक्टोबरपासून यांचं अंथरूण ओलं होतं. रोज नाही. म्हणजे जवळजवळ रोज. सकाळी चादर गुंडाळून कुठेतरी कोंबतात, मी शोधून काढते. दोघंही बोलत नाही. या वयात चोर-पोलीस.

गेल्या वेळी बोडनसे तलावावर मशीन बंद पडलं आणि कॅम्पिंगच्या धुण्याच्या खोलीत जावं लागलं. शेजारच्या गाडीतली हाइडेबाई रोज तिथे हजर. "आख्, शोन वीडर बेटवेशे?" परत चादरी? मी म्हटलं, आमच्या धर्मात रोज धुवाव्या लागतात. असल्या थापेसाठी कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी गुडघ्यावर उभं केलं असतं मला. बाईने ते कॅम्पिंगभर केलं. निघताना विचारते, कुठल्या देवासाठी? म्हटलं, आहे एक, म्हातारा झालाय, लवकर चिडतो.

घरी आल्यावर यांनीच मशीन उघडून चालू केलं. हात अजून शाबूत आहेत.

१२ एप्रिल

नितीन परत गेला. जाण्याआधी त्याने गाडीतल्या सायकली काढल्या, छत्रीसारखी ती मोठी कनात काढली, माझी पुस्तकं काढली. तरी वजन जास्तच. आता मशीन किंवा आम्ही.

२२ एप्रिल

यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेलं. पोरगेला, नम्र. वार विचारला, चुकले. घड्याळ काढायला सांगितलं. इंजिनिअर माणूस, वर्तुळ कंपासने काढल्यासारखं. आत आकडे सगळे एका बाजूला.

मग, "तुमच्या पत्नीचं नाव?"

हे माझ्याकडे बघत बसले. डॉक्टरने काहीतरी लिहिलं.

मी भडकले. म्हटलं, आमच्यात नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. हे मला जन्मभर 'अगं' म्हणत आलेत, मी 'अहो'. ही परीक्षाच चुकीची आहे. डॉक्टर म्हणाला, "हो, हो, इंटरेस्टिंग." पण लिहिलेलं खोडलं नाही.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं. हाइडेबाईला ज्या आवाजात थाप मारली, त्याच आवाजात मी डॉक्टरला हे सांगितलं. आणि हे तर खरं होतं.

खरंच होतं ना?

२३ एप्रिल

चहा घेताना विचारलं, "अहो, माझं नाव घ्या बघू."

"काय पोरकटपणा!" मग जरा हसून, "उखाण्याशिवाय नाव घ्यायचं?"

"मग उखाणा घ्या."

चटकन सुरू केलं. लग्नात घेतलेला, यांचा स्वतःचा, सगळ्या वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या होत्या.

"गाडीला वंगण, घड्याळाला किल्ली..."

थांबले. कपाकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं.

"...पुरे झाली खिल्ली."

मधलं नाव गाळून सरळ पुढे गेले. वर 'कसं?' म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी छान म्हटलं. कप विसळायला उठले.

२६ एप्रिल

नितीनचा फोन. डॉक्टरांनी बाबांना स्टिअरिंगवर बसू देऊ नका म्हटलंय, तर गाडी विकूनच टाक. मी चालवीन, म्हटलं. "जास्त वजनाची गाडी, वर बाबा तसे! शनिवारी येऊन मशीन काढतो, तरच बोडनसेला जा."

त्याला वाटतं तो उदार झालाय.

मशीन गेलं की जाणं संपलं. त्या धुण्याच्या खोलीत मी पुन्हा उभी राहणार नाही, यांना पुरुषांच्या घोळक्यातून ओला पायजमा घेऊन चालवणार नाही. आणि गाडीत हे माणसात असतात. गॅस कुठून बंद होतो, पाणी कुठे भरायचं, सगळं हाताला ठाऊक. घरात संडासचा दिवा सापडत नाही. जाणं संपलं की हा फ्लॅट, मग फ्लेगेहाइम, म्हणजे वृद्धाश्रमच. सूनबाईने एकाची माहितीही काढून ठेवलीय. सहज, म्हणे.

नितीनला सांगून टाकलं तर? आज नाही सांगवलं. एवढ्यासाठी बापाची अब्रू...

१ मे, शनिवार

नितीन आला, पाना घेऊन थेट गाडीत. हे मागोमाग जाऊन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. मी दारात.

नळी काढण्याआधी आत काही आहे का बघायला त्याने झाकण उघडलं. चादर होती. पायजमा होता. मी आज शोधले नव्हते, म्हणजे यांनीच पहाटे आणून टाकलेले. नितीनने चादर बाहेर ओढली. वासाने कळलंच. माझ्याकडे बघितलं.

"नितीन," हे म्हणाले. नाव बरोबर, आवाज पूर्वीचा. "ते माझं आहे. ठेव."

चादर की मशीन, कोणी विचारलं नाही.

नितीनने चादर आत टाकली, झाकण लावलं. पाना हातातच. वाकलाही नाही, खालीही उतरला नाही.

मी चहा ठेवायला आत आले. पाणी उकळतंय. बाहेरून अजून कसलाच आवाज नाही.