उतरलेलं पाणी

मुळशी,
२४ एप्रिल, शुक्रवार

चि. मेहविशला अनेक दुआ.

इकडे आम्ही बरे आहोत. लाट आल्यापासून पाच दिवस तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र सद्दामच्या हाती देतोय. तो पाण्याचा टँकर घेऊन घाट उतरून तुमच्या बंदराकडे निघालाय. तुझ्या टेकडीवरच्या दवाखान्यात नळाला थेंब नाही, वीज नाही, जनरेटरचं डिझेलही संपत आलंय, असं ऐकलं. टँकर आधी तुमच्याच दारात लावायला सांगितलंय.

तुझी सासू कमरबी प्रत्येक नमाजनंतर जुनैदचं नाव घेते. मीही घेतो.

परवा मदतवाल्यांच्या फोनवरून तू विचारलंस, "अब्बा, मी त्यांना टेकडीवर या म्हणाले होते. येतो म्हणाले, मग पंपावर का गेले?" लाइन तुटली, असं मी घरात सांगितलं. तुटली नव्हती. मी फोन ठेवला.

भूकंपानंतर जुनैदनं मला फोन केला होता.

"अब्बा, दवाखान्याचा खालचा पंप बंद पडलाय. मेहविश वर बोलावतीया. समुद्र लई मागं गेलाय, मासं उघड्यावर तडफडत्यात."

बावीस वर्षं मी गावच्या नळयोजनेचा पंप चालवतोय. उन्हाळ्यात धरण उतरतं, गाळ उघडा पडतो, लोक मासे वेचतात. उतरलेलं पाणी पावसाआधी परत आलेलं मी कधी पाहिलं नाही. समुद्र तर मी पाहिलेलाच नाही.

मी हसलो. "पाणी उतरलंय, मग भ्यायचं काय? बायकोच्या सांगण्यावरनं टेकडी चढतूयास व्हय? आजारी माणसं हायेत तितं. जा, पंप चालू कर. पाणी पाजणं सवाबाचं, पुण्याचं काम हाय."

"बरं अब्बा," म्हणाला.

कमरबीनं विचारलं, "काय म्हणत हुता?" मी म्हणालो, "खुशाल हाय." तिला अजून एवढंच माहीत आहे. निघताना सांगेन.

मेहविश, तो तुझंच ऐकत होता. त्याला खाली मी धाडलं.

गाळ उपसणाऱ्यांना सांग, पंपघरामागची लोखंडी शिडी आधी बघा. पाणी शिरलं की मोटरजवळ थांबायचं नाही, छतावर चढायचं, हे मीच त्याला शिकवलंय. पाच दिवस झाले, कळतं मला. तरी बघायला सांग.

सद्दाम हे आत आणून देईल तेव्हा मी बाहेर टँकरमध्ये बसलेलो असेन. तुझ्यासमोर यायची हिंमत नाही. फावडं बरोबर आणलंय. तू ये म्हणालीस तर त्याला शोधायला येतो. नको म्हणालीस तर टँकर रिकामा झाला की परत जाईन.

तुझ्या निरोपासाठी दाराबाहेर थांबलेला,
अन्वर