पानावरची रेघ

३ मार्च. सकाळ.
आजपासून रोज लिहायचं. कुणासाठी नाही. पुढेमागे पुरावा म्हणून असावं.
काचघरात मक्याचं काम सुरू. पानं रोज किती वाढतात ते मोजायचं. मोजणारे दोघे: मी आणि शेजारच्या टेबलावरचा. ज्याचं काम चोख, त्याची नोकरी कायम. जागा एकच, कुणाला द्यायची ते मॅडम ठरवणार. तो पावलांचा आवाज न करता येतो, म्हणून त्याला मी मनात बोका म्हणतो.
माझी पद्धत स्वतःची. पान पोंग्यातून, म्हणजे मधल्या गुंडाळीतून, जिथे बाहेर पडतं, तिथे शाईची रेघ. रेघेपासून टोकापर्यंत मोजायचं. बोका मातीपासून अख्खं पान मोजत बसतो. हमाली नुसती!

५ मार्च
रेघ ते टोक: वाढ शून्य. वर रेघही जागेवर नाही. पोंग्यापासून चार बोटं वर! कुणीतरी पुसून नवी मारलीय. कुणी, ते लिहायची गरज नाही.

६ मार्च
न पुसणारी शाई आणली. रेघ तरीही वर. बोका तयारीचा दिसतो.
संकल्प: शांत राहायचं. पुरावा मिळेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

७ मार्च
चहाच्या वेळी बोक्याला टोमणा मारला. त्याला कळला नाही, किंवा तसं दाखवलं. उलट म्हणाला, रेघ कुठे मारलीय ते एकदा बघू का. चोराच्या मनात चांदणं! साफ नाही म्हणालो.

१० मार्च
दाराला दोरा बांधून गेलो होतो. सकाळी दोरा शाबूत. रेघ वर. म्हणजे वॉचमनही सामील.
पट्टीही बदललेली वाटते. उद्यापासून घरची नेणार.

१४ मार्च
घरातही तेच. गेल्या महिन्यात डोक्याला कलप लावला, आता मुळाशी पांढरं. दुकानदार भेसळ करतो. बायको म्हणते, कलपाचा काय दोष. ती दुकानदाराची बाजू का घेते?

१८ मार्च
झाड माझ्या छातीला लागलंय. कागदावर वाढ शून्य. झाडसुद्धा बोक्याला सामील असावं.
उद्या मीटिंग. सगळ्यांसमोर पर्दाफाश. नोकरी कायम झाली की बायकोला आधी फोन.

१९ मार्च. दुपार.
सगळं सांगितलं. शाई, दोरा, वॉचमन. बोका खाली बघत होता. मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, मक्याचं पान टोकाशी वाढत नाही, बुडाशी वाढतं, पोंग्याच्या आत. टोकाकडचा भाग वाढून चुकलेला असतो. रेघ कुणी सरकवली नाही, पानानेच वर ढकलली. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, तुमचे काळे केस मुळापासून कोण वर सरकवतं?
सगळे बघायला लागले. कुणीतरी खोकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागा बोक्याला.

रात्र.
बाहेर पडताना बोका म्हणाला, तुमच्या रेघांमुळेच वाढ कुठे होते ते दिसलं, रिपोर्टात तुमचंही नाव घालतो. पोटात काय असेल सांगता येत नाही.
कलपाचं मॅडमना कुणी सांगितलं? बायकोला विचारलं. ती म्हणाली, ते सांगावं कशाला लागतं, दारातूनच दिसतं. आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो. दिसतं.
दुकानदाराची माफी मागायला हवी. बोक्याचं नंतर बघू.