अकोल्यापर्यंतचा बोगदा

८ डिसेंबर, सोमवार

पुन्हा तेच — 'संकेतांक अवैध.' सलग सातव्यांदा! अकोल्याच्या संशोधन केंद्रातील रिद्धपुरी पोथीची अकरा पाने घरच्या संगणकावर दिसावीत म्हणून व्हीपीएन जोडायचे आहे. परवानगी गुरुवारी पाचपर्यंतच. ती पाने ताडून पाहिल्याविना माझे संपादन छापायला जाणार नाही; अदमासाने पाठ लावणे मी विद्यार्थ्यांनाही माफ करीत नाही.

केंद्रातील जेबा दूरध्वनीवर सूचना देते. क्रम विस्कळीत, मराठी धेडगुजरी. दोष तिच्याच व्यवस्थेत असणार.

९ डिसेंबर, मंगळवार

दुपारी डोळा लागला. व्हीपीएन म्हणजे खासगी बोगदा, असे जेबा म्हणाली होती — तोच दिसला. बडनेरा, मूर्तिजापूर, वर कपाशी. खाली काळ्या मातीतून ओलसर वाट, आणि पोथीची पाने पणत्यांसारखी तरंगणारी. पुढे किशोर, माझा नवरा. जाऊन दोन वर्षे झाली, तरी चाल तीच. वळून हसला, नेहमीचेच बोलला — "तुले उशीर नाही होत वं, जगच घाई करून राहिलं."

वस्तुतः मला उशीर होतच नाही. सात वर्षे या संगणकावरची वेळ पाहून निघते. एखादे वाक्य घासण्यात रेंगाळले, तरी घंटेआधी वर्गात असते. वर्गातले घड्याळच मागे पडते. दोनदा लेखी तक्रार केली आहे.

१० डिसेंबर, बुधवार

संकेतांक देणारे ॲप मोबाइलवर घ्या, म्हणते जेबा. माझ्या अभ्यासिकेत मोबाइल येत नाही. ॲप संगणकावरच राहील.

११ डिसेंबर, गुरुवार

पाच वाजून चार मिनिटे. संपले! मोबाइल घेऊन अभ्यासिकेत शिरले — प्रथमच — आणि मुदत टळल्याचे जेबाला कळवले. ती गोंधळली, तिच्याकडे चार बावन्न झाले होते. मोबाइल पाहिला. चार बावन्न.

संकेतांक वेळेवरून तयार होतो, आणि माझा संगणक बारा मिनिटे पुढे! घड्याळ जुळवले. बोगदा उघडला. उरलेल्या आठ मिनिटांतच अकराही पाने उतरली.

यंत्र जुने झाले असेल, मी म्हणाले.

"नाही मॅडम. आपोआप वेळ घ्याचं बटन बंद आहे. हे कोनं तरी हातानं केलं."

संगणक किशोरने मांडला होता. दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागलेला नाही.

जेबाचे आभार मानले. दोनदा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वर्गात बारा मिनिटे उशिरा पोहोचले. भिंतीवरचे घड्याळ बरोबर होते.

संध्याकाळी संगणकाचे घड्याळ पुन्हा बारा मिनिटे पुढे केले.